'वर्णलेखना'त वर्ण कुठे आहे?

प्रश्न असा: मिश्रणातले घटक, उदाहरणार्थ रक्तद्रवातली प्रथिने, वेगळे करण्याच्या रीतीला, म्हणजे क्रोमॅटोग्राफीला, मराठीत 'वर्णलेखन' म्हणतात. पण कॉलममधून, म्हणजे मिश्रण ज्या भरलेल्या नळीतून सोडतात तिच्यातून, बाहेर पडणारे द्रावण बहुतेकदा पाण्यासारखे नितळ असते. मग हा शब्द चुकीचाच नाही का?

चुकीचा नाही, जुना आहे. ग्रीक 'ख्रोमा' म्हणजे रंग, 'ग्राफेइन' म्हणजे लिहिणे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी पानांतली रंगद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून खाली उतरवली, तेव्हा नळीत हिरवे-पिवळे पट्टे एकाखाली एक उमटले. हे नाव त्यांनी 1906 साली छापले. (रशियनमध्ये 'त्स्वेत' म्हणजेही रंग.) ते पट्टे हेच लेखन होते, वेगळा आलेख नव्हताच.

आता वर्ण गेला आणि लेखन उरले. कॉलमच्या पुढे बसवलेला डिटेक्टर 280 नॅनोमीटरला अतिनील प्रकाशाचे शोषण मोजतो, कारण प्रथिनांतली ट्रिप्टोफॅन आणि टायरोसीन ही अमिनो आम्ले तिथे प्रकाश शोषतात. त्यातून उमटणारी रेघ म्हणजे 'वर्णलेख'. तिच्यावरच्या उंचवट्याला प्रयोगशाळेत सगळे 'पीक' म्हणतात. लिहिताना मात्र 'शिखर' बरे, 'पीक' वाचले की डोळ्यांपुढे शेत येते.

खरी गफलत होते ती 'पृथक्करण' आणि 'विश्लेषण' यांत. जुन्या पुस्तकांत 'रासायनिक पृथक्करण' म्हणजे घटक कोणते आणि किती, हे शोधणे. तेच आजचे विश्लेषण. आज पृथक्करण म्हणजे नुसते वेगळे करणे, आणि हा भेद पाळायलाच हवा. समजा, डीईएई कॉलम (त्यातल्या भुकटीवर धनभार असतो) 20 मिलिमोलर ट्रिसने, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या विरळ द्रावणाने, सामू (pH) 8 ठेवून, भिजवून घेतला. ऋणभारित अल्ब्युमिन त्याला चिकटते, इम्युनोग्लोब्युलिन जी हे प्रतिपिंड बरेचसे तसेच निघून जाते. मग मीठ हळूहळू वाढवत नेले की चिकटलेली प्रथिने एकामागून एक सुटतात. पण रक्तद्रवात मीठ मुळातच 150 मिलिमोलरच्या आसपास असते. डायलिसिस करून (बारीक छिद्रांच्या पडद्यातून मीठ बाहेर जाऊ देऊन) ते कमी न करता नमुना चढवला, तर अल्ब्युमिनही नीट धरून राहत नाही आणि सुरुवातीलाच एक रुंद शिखर येते. वर्णलेख मिळाला, पृथक्करण झालेच नाही.

उलट, टोकदार शिखर आले तरी त्याखाली दोन प्रथिने दडलेली असू शकतात. न्यूक्लिइक आम्लेही (डीएनए, आरएनए) 280 ला प्रकाश शोषतात, त्यामुळे ते शिखर प्रथिनाचेच असेल असेही नाही. म्हणून 'वर्णलेखनाने प्रथिन ओळखले' असे लिहू नये. 'वर्णलेखनाने वेगळे केले आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने (रेणूंचे वस्तुमान मोजून) ओळखले' असे लिहावे.