जुना कॉम्प्युटर, नवा टीव्ही आणि मधली वायर

प्रश्न : सर, कमोडोर ६४ हा जुना घरगुती कॉम्प्युटर हातात आलाय, चालू पण होतो, पण अँटेनाच्या वायरने टीव्हीला लावला की सगळं धुरकट दिसतं, अक्षरांच्या कडेला रंग सांडल्यासारखे दिसतात आणि मधूनच मुंग्या येतात. एचडीएमआयवाला चांगला महागाचा अपस्केलर, म्हणजे जुनं चित्र नव्या टीव्हीच्या मापाचं करणारा डबा, घेतला तर फरक पडेल का? कुठला घेऊ?

उत्तर : घ्या, पण आत्ता नको. आत्ता घेतलात तर तेच धुरकट चित्र मोठं होऊन दिसेल. टीव्ही बिचारा ठीक आहे, त्याच्यापर्यंत जे पोचतंय तेच वाटेत खराब झालंय.

बघा, तुमच्या मशीनमध्ये व्हीआयसी-टू नावाची चिप चित्र बनवते आणि ती उजेड म्हणजे ल्युमा आणि रंग म्हणजे क्रोमा हे दोन्ही वेगवेगळ्या पिनांवर बाहेर काढते. पुढे दोन्ही एकत्र करून कॉम्पोझिट बनतं, मग तो पत्र्याचा मॉड्युलेटर त्यात आवाज मिसळून त्याचं चक्क टीव्ही चॅनेल करतो, कारण हे मशीन आलं १९८२ साली आणि तेव्हाच्या बहुतेक टीव्हींना अँटेनाच्या भोकाशिवाय दुसरी वाटच नव्हती. आता तुमचा टीव्ही ही सगळी गुंतागुंत उलट्या क्रमाने सोडवत बसतो आणि प्रत्येक टप्प्याला थोडं थोडं हरवतं. मुंग्या आणि धुरकटपणा मुख्यतः मॉड्युलेटरमुळे. पण अक्षरांच्या कडेचा रंग हे कॉम्पोझिटचं काम, आणि ते गमतीशीर आहे. पाल (PAL) नावाच्या, आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर असते. पाल कमोडोर सेकंदाला साधारण ७८ लाख ८० हजार पिक्सेल बाहेर टाकतो, म्हणजे एक काळा एक पांढरा असे शेजारी शेजारी आले की ३.९४ मेगाहर्ट्झचा सिग्नल तयार होतो, आणि तो रंगाच्या इतका जवळ की टीव्ही त्यालाच रंग समजतो. बारीक अक्षरांत उभ्या रेघा भरपूर, म्हणून तिथेच जास्त दिसतं.

उपाय एकच, सिग्नल एकत्र व्हायच्या आधीच उचलायचा. मागे गोल आठ पिनांचं एव्ही सॉकेट आहे ना, त्यात १ नंबरवर ल्युमा, ६ वर क्रोमा, २ ग्राउंड आणि ३ वर आवाज. एवढं एस-व्हिडिओच्या, म्हणजे ल्युमा आणि क्रोमा वेगवेगळे नेणाऱ्या केबलला जोडलं की झालं. कमोडोरच्याच १७०२ मॉनिटरला मागे ल्युमा आणि क्रोमाची वेगळी भोकं होती, म्हणजे ही सोय कंपनीने तेव्हाच दिलेली, लोकांनी फारशी वापरली नाही एवढंच. फक्त एक बघा, याचा क्रोमा एस-व्हिडिओला हवा त्याच्यापेक्षा बराच तगडा असतो, त्यामुळे सरळ जोडला तर रंग भडक होतात आणि भरीव रंगावर बारीक चौकडी उमटते. क्रोमाच्या वायरमध्ये साधारण ३०० ओहमचा एक रेझिस्टर टाका, तो प्लगच्या आत पण मावतो. आणि प्लग विकत घेताना डोळे उघडे ठेवा, आठ पिनांचे डिन प्लग दोन जातींचे येतात, दिसायला सारखेच पण पिनांची गोलाई वेगळी. तुम्हाला २६२ अंशांचा हवा. दुसरा दाबून बसवायला गेलात तर पिना वाकतील. मशीन अगदी सुरुवातीचं असेल आणि सॉकेट पाचच पिनांचं असेल तर त्यावर क्रोमा येतच नाही, मग कॉम्पोझिटवर भागवा, तेही अँटेनापेक्षा कितीतरी बरं.

एवढं करून झालं की मग अपस्केलर. टीव्हीला एस-व्हिडिओ नसेल, आणि आता नसतोच, तर रेट्रोटिंक २एक्ससारखं काहीतरी घ्या ज्यात एस-व्हिडिओ आत घ्यायची खरी सोय आहे. ओएसएससी नावाचा अपस्केलर छान आहे पण त्याला कॉम्पोझिट आणि एस-व्हिडिओ चालत नाही, आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींवर) किंवा कंपोनंट (उजेड आणि रंग तीन वायरींवर) लागतं. लोक नाव ऐकून मागवतात आणि मग डबा उलटापालटा करून भोक शोधतात.

हो, आणि चित्राच्या नादात पॉवर सप्लाय विसरू नका. जुना, आत रेझिन ओतून बंद केलेला सप्लाय बिघडला की ५ व्होल्टची लाइन वर चढते आणि रॅम जाते. मशीनला लावायच्या आधी मीटरने मोजा, ५.२५ च्या वर दिसलं तर तो सप्लाय बाजूलाच.

प्रश्न : एस-व्हिडिओ करून झालं, रेझिस्टर पण टाकला, चित्र खरंच सुधारलं, पण निळ्या स्क्रीनवर फिकट उभे पट्टे दिसतात. केबल खराब आहे का?

उत्तर : केबल नाही. व्हीआयसी-टूच्या शेजारी घड्याळाचे (चिपांना ठेका देणारे) आणि बसचे (चिपांमधली माहिती नेणाऱ्या वायरींचे) सिग्नल धावत असतात, ते थोडे ल्युमात झिरपतात. ठरावीक अंतरावर येतात म्हणून पट्ट्यांसारखे दिसतात. ल्युमाफिक्स६४ नावाचा छोटा बोर्ड चिपच्या खाली बसतो आणि त्याच सिग्नलांची उलटी मात्रा मिसळून पट्टे कमी करतो, त्यावर मात्रा कमी-जास्त करायचे छोटे स्क्रू (पॉट) असतात, स्क्रीनकडे बघत हळूहळू फिरवायचे. पूर्ण जातीलच असं नाही. टीव्हीचा ब्राइटनेस जरा खाली घेतला तरी निम्मा त्रास दिसेनासा होतो, आधी तेच करून बघा.

प्रश्न : झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा जुना कॉम्प्युटर आहे. नवीन टीव्हीला चॅनेलच सापडत नाही. दादा, केस न फोडता काही होईल का?

उत्तर : होईल, भोक वगैरे पाडू नका. स्पेक्ट्रमचं चॅनेल यूएचएफ ३६ च्या आसपास असतं, पण बऱ्याच नव्या टीव्हींचा ॲनालॉग ट्यूनर एकतर नसतो किंवा इतकं कच्चं सिग्नल तो घेत नाही. सुदैवाने बोर्डावरून मॉड्युलेटरमध्ये कॉम्पोझिटच जातं. मॉड्युलेटरला बाहेरून दोन वायरी येतात, एक ५ व्होल्टची, एक व्हिडिओची. दोन्ही सोडवा, आतून अँटेनाच्या सॉकेटच्या मधल्या पिनेला लागलेलं कनेक्शन तोडा, आणि व्हिडिओची वायर १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून त्याच पिनेवर आणा. कपॅसिटरची प्लस बाजू बोर्डाकडे. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही आणि पुन्हा मूळ जागी आणता येतं. सोल्डरिंगचा हात नसेल तर आधी भंगार बोर्डावर सराव करा.

प्रश्न : एव्ही टू एचडीएमआयचा साधा कन्व्हर्टर लावला. गेममध्ये काही पात्रं गायबच होतात! गेम बिघडला का?

उत्तर : नाही हो. हे कॉम्प्युटर एकाआड एक ओळींचं इंटरलेस चित्र पाठवत नाहीत, दर वेळेला त्याच ओळींवर पूर्ण चित्र काढतात, पालमध्ये ३१२ ओळींचं. कन्व्हर्टर मात्र त्याला नेहमीचं टीव्ही प्रसारण समजून दोन फ्रेम एकत्र विणतो. जुने गेम एका वेळी जास्त पात्रं दाखवायची म्हणून त्यांना आलटून पालटून लुकलुकवायचे, आणि विणण्याच्या भानगडीत त्यातलं एखादं कायमचं गळतं. शिवाय बटण दाबल्यावर उशीर जाणवतो तोही यातलाच. घेताना डबा २४०पी आणि २८८पी, म्हणजे असं बिनइंटरलेसचं चित्र, ओळखतो का एवढं विचारा. आणि टीव्हीत ४:३ निवडा राव, ताणलेलं चित्र बघवत नाही.

प्रश्न : माझ्या बीबीसी मायक्रो या जुन्या कॉम्प्युटरला आरजीबी आहे, तर व्हीजीए मॉनिटरला सरळ वायर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. तिथून १५.६ किलोहर्ट्झने ओळी येतात, व्हीजीएला ३१.५ लागतात. मॉनिटर आउट ऑफ रेंज म्हणेल. शिवाय बीबीसीचा आरजीबी डिजिटल, ५ व्होल्टवाला असतो, स्कार्ट म्हणजे युरोपी टीव्हीच्या मागच्या सॉकेटच्या ०.७ व्होल्टच्या इनपुटला तसाच लावू नका. आरजीबी-टू-एचडीएमआय नावाचा रास्पबेरी पाय झीरो या छोट्या कॉम्प्युटरवरचा बोर्ड मुळात याच मशीनसाठी बनलाय, तोच घ्या, एक एक पिक्सेल मोजता येतो.

प्रश्न : मग ॲपल टू ला पण असंच स्वच्छ करून घेऊ का?

उत्तर : थांबा! ॲपल टू चे हाय-रेझ (बारीक ठिपक्यांच्या ग्राफिक्सचे) रंग मुळात कॉम्पोझिटच्या गोंधळातूनच निघतात. ॲपलच्या वॉझनियॅकने १९७७ साली वेगळी रंगाची चिप न टाकता ठिपके असे मांडले की एनटीएससी, म्हणजे अमेरिकी पद्धतीचा टीव्ही त्यांनाच रंग समजेल, म्हणजे वर कमोडोरच्या अक्षरांचा जो रोग सांगितला तोच इथे मुद्दाम वापरलाय. ल्युमा वेगळा काढलात तर जांभळं-हिरवं जाऊन काळ्या-पांढऱ्या रेघा उरतील. लिहायला, प्रोग्रॅमिंगला हिरवा मोनोक्रोम मॉनिटर झकास, रंगीत गेमसाठी कॉम्पोझिट तसंच राहू द्या.