बिनवायरच्या माउससाठी हप्ता नको

डिचोलीहून एका वाचक ताईंनी विचारलंय. विवरणपत्रं, जीएसटी आणि सरकारी अर्ज भरून देण्याचं त्यांचं छोटं ऑफिस आहे. पाच टेबलांवर डेस्कटॉप, सहाव्यावर त्यांचा लॅपटॉप. जुने माउस एकेक करून मान टाकताहेत. दुकानदाराने वायरलेसचा भाव 850 रुपये सांगितलाय, वायरच्याचा 375. सहाही वायरलेस घेतले तर क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा 'नो कॉस्ट' हप्ता मिळतोय. मुलगा म्हणतो, टेबलं मोकळी दिसतील, घेऊन टाक. ऑफिसातल्या एका मुलीचं मनगट दुखतं आणि ते वायरमुळेच, असं तिचं म्हणणं. काय करावं?

ताई, नमस्कार. हप्त्याचा विषय आधी संपवू, कारण तो सोपा आहे: घेऊ नका. 'नो कॉस्ट' हप्त्यात व्याज असतंच, फक्त तेवढी सूट आधी दाखवून ते झाकलेलं असतं. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र तुमच्या स्टेटमेंटवर येतो. शिवाय बँक प्रक्रिया शुल्क लावते. ते 199 रुपये धरलं तर करासकट 235 झाले, म्हणजे 5,100 च्या खरेदीवर साडेचार टक्क्यांहून जास्त. या रकमेसाठी सहा महिने कार्डाची मर्यादा अडकवून ठेवण्यात काही हशील नाही. रोख द्या आणि थोडी घासाघीस करा, सहा नग म्हटल्यावर दुकानदार काहीतरी सोडेलच.

आता खरा हिशोब. नुसता भाव पाहिला तर फरक 2,850 रुपयांचा. पण वायरलेसला सेल लागतात. कंपन्या खोक्यावर वर्षभर चालेल असं छापतात. दिवसभर चालणाऱ्या ऑफिसात मी निम्मंच धरते. माउसमागे वर्षाला दोन अल्कलाइन सेल, चाळीस रुपयांचा एक, म्हणजे सहा माउसना वर्षाला 480. तीन वर्षांत वायरलेसचा एकूण खर्च 6,540. वायरच्या माउसची वायर बहुतेक वेळा जिथून बाहेर पडते तिथेच पिरगळून तुटते, म्हणून तीन वर्षांत दोन बदलावे लागतील असं धरलं, तरी 3,000. फरक 3,540 चा, महिन्याला शंभरही नाही. डावं बटण एकदा दाबलं की दोनदा उठतं, तो रोग दोन्हीकडे सारखाच, कारण आतलं स्विच त्याच जातीचं असतं. तो हिशोबात धरला नाही.

महिन्याला शंभर रुपयांनी तुमचं ऑफिस बुडणार नाही की तरणार नाही. माझी काळजी जुलैअखेरची आहे. समोर पक्षकार बसलाय, पोर्टल आधीच रांगतंय, थोडा वेळ हालचाल नसली की बाहेर काढतंय, आणि नेमका तेव्हा माउस गप्प. सेल ड्रॉवरमध्ये असेलच असं नाही. असला तरी आधी शंका येते ती कॉम्प्युटरवर, त्यात दहा मिनिटं जातात. त्या आठवड्यातल्या एका विवरणपत्राची तुमची फी किती, आणि सेल किती रुपयांचा, एवढं ताडून पाहा.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे ती पावसाळ्याची. जूनपासून हवेत जी ओल असते ती कपाटातल्या फायलींनाही सोडत नाही. त्यात चवथीला ऑफिस चार-पाच दिवस बंद. माउसच्या पोटाखालचं बटण कोणी बंद केलेलं नसतं, संपत आलेला सेल अगदी रिकामा होऊन फुटू शकतो. झाकण काढलं की स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय दिसते आणि सेल जागेवरच चिकटून बसलेला असतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं तर कधी कधी माउस वाचतो, स्प्रिंग खाल्ली गेली असेल तर नाही. वायरच्या माउसला हा त्रासच नाही.

डोंगलचंही ऐकून ठेवा, म्हणजे वायरलेस माउसचे संदेश पकडायला कॉम्प्युटरच्या यूएसबीत लावायचा तुकडा. नखाएवढी ती वस्तू झाडू मारताना गेली की स्वस्तातला माउस बहुतेक वेळा कामातूनच गेला, कारण तो दुसऱ्या डोंगलला ओळखत नाही. आणि तुमच्याकडे लोकांचे पासवर्ड आणि बँकेचे तपशील असतात. 2016 साली बॅस्टिल या अमेरिकन सुरक्षा कंपनीने 'माउसजॅक' नावाची त्रुटी उघड केली होती. कित्येक नामवंत कंपन्यांच्या डोंगलला जवळपासून खोटे कीबोर्ड-संदेश पाठवता येत होते. ब्लूटूथ माउस त्यात नव्हते. डिचोलीत कोणी रस्त्यावर बसून हे करेल असं मला वाटत नाही, पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला बिननावाचा वायरलेस या कामाला आणू नका.

वायरलेसची खरी गरज तुम्हाला एकटीला आहे. तुम्ही लॅपटॉप घेऊन साखळी-वाळपईला पक्षकारांच्या घरी जाता, तिथे कोणाच्या जेवणाच्या टेबलावर वायर सांभाळत बसण्यापेक्षा तो बरा. तुमच्यासाठी एक घ्या, शक्यतो ब्लूटूथचा. डोंगलचाच मिळाला तर तो निळ्या तोंडाच्या यूएसबी 3.0 पोर्टात, हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका. तिथला रेडिओ-गोंगाट डोंगलच्याच 2.4 गीगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि बाण अडखळतो. लोक मग माउसला शिव्या देतात.

मनगट दुखणाऱ्या मुलीला मात्र 375 चा देऊ नका. दुखण्याचा संबंध वायरीशी कमी आणि माउसच्या आकाराशी, टेबलाच्या उंचीशी, कोपराला आधार आहे की नाही त्याच्याशी जास्त. हात उभा ठेवून धरायचा व्हर्टिकल माउस वायरचाही मिळतो, हजाराच्या आसपास. तिला दुकानात सोबत न्या, तिच्या तळहातात बसतो का ते तिलाच ठरवू द्या. त्याने फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे पाठवा. इथे पैसे वाचवायला मी सांगणार नाही.

म्हणजे वायरचे चार टेबलांवर, एक जादा ड्रॉवरमध्ये, असे 1,875. तुमचा वायरलेस 850. व्हर्टिकल साधारण हजार. सगळे मिळून 3,725. मुलाच्या यादीपेक्षा पावणेचौदाशे रुपये कमी, आणि ड्रॉवरमधला जादा नग कुठल्याही टेबलावर लावला की त्या क्षणी चालू.

कराचं थोडक्यात, कारण ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळतं. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर तुमचा नंबर घालून घ्या, 18 टक्क्यांचं क्रेडिट मिळेल, म्हणजे तेवढा कर तुमच्या भरायच्या जीएसटीतून वजा होईल. सेवांच्या वर्षाच्या 20 लाख उलाढालीच्या मर्यादेखाली राहून नोंदणी घेतली नसेल तर तो कर तुमच्या खर्चातच गेला. गृहीत उत्पन्नाच्या पद्धतीने, म्हणजे जमेचा ठरावीक हिस्साच उत्पन्न धरून, विवरणपत्र भरत असाल तर हा खर्च वेगळा वजा होणार नाही, तेव्हा "कर वाचेल म्हणून महागडा घे" हा मुलाचा मुद्दा असलाच तर तोही निकालात.

चांगल्या कंपनीच्या साध्या माउसवरही एक ते तीन वर्षांची वॉरंटी असते, ती विचारूनच नग निवडा. बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर मिळालं तर त्याच संध्याकाळी त्याचा फोटो काढून ठेवा, एका पावसाळ्यात त्यावरची अक्षरं उडतात आणि मग दुकानदार वॉरंटी मानत नाही.