आधी पॉलिसी थांबवा, दागिने राहू द्या

प्रश्न: मिरज तालुक्यात माझी तीन एकर क्षारपड जमीन आहे. शिरोळ पॅटर्नप्रमाणे आम्ही शेतकऱ्यांनी मिळून जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करून घेतला. माझ्या वाट्याचं २ लाख ४० हजार कर्ज बाकी आहे, व्याज १२ टक्के. दर वर्षी ऊसबिलातून ६० हजार कापले जातात. सातबाऱ्यावर बोजा आहे. पत्नीचे दागिने मोडून तो एकदम उतरवावा का? येत्या हंगामापासून एकरी ६० टन धरले आहेत. घरखर्च दुधावर भागतो. कर्जाच्या वेळी एक पॉलिसीही घेतली, ५० हजारांचे दोन हप्ते भरले. तिच्यातून कर्ज फिटेल असं एजंट म्हणाला. वय ४१, मुलं शाळेत.

उत्तर: दागिने मोडू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. खरी गळती त्या पॉलिसीत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही विचारलंही नाही.

पत्रासोबतचा तक्ता पाहिला. दहा वर्षं ५० हजार भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर ८ लाख मिळणार. वर्षाला जेमतेम साडेचार टक्के. १२ टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना साडेचार टक्क्यांसाठी पैसे अडकवायला लावणं ही तुमची फसवणूक आहे, आणि मला त्याची चीड येते. शिवाय कर्ज सहा वर्षांत संपेल आणि पॉलिसीचे पैसे येतील पंधरा वर्षांनी. मग त्यातून कर्ज फिटणार कसं? कर्जासाठी अशी पॉलिसी घेणं सक्तीचंही नव्हतं. विमा संरक्षण तरी किती, तर ५ लाख. शाळकरी मुलांच्या बापाला ते कुठे पुरणार?

म्हणून आधी ५० लाखांचा साधा टर्म विमा काढा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच घरच्यांना पैसे देणारा. निर्व्यसनी असाल तर वर्षाला दहा-बारा हजारांत बसेल. तो हातात आल्यावरच जुनी पॉलिसी सरेंडर करा, म्हणजे मुदतीआधी बंद करून पैसे परत घ्या. किती परत मिळतील हे कंपनीकडून लेखी घ्या. मी निम्मे, म्हणजे ५० हजार धरतो. बाकीचे ५० हजार गेले. वाईट वाटेल, पण ते वाचवायला आणखी ४ लाख भरू नका. इथून पुढचाच हिशेब केला तरी परतावा सहा टक्क्यांच्या आसपासच राहतो.

आलेले ५० हजार कर्जात भरा. पॉलिसीच्या दर वर्षीच्या हप्त्यातून टर्म विमा जाऊन उरणारे ३८ हजारही तिकडेच वळवा. सहा वर्षांचं कर्ज तिसऱ्या वर्षातच संपतं, साठ हजारांच्या वर व्याज वाचतं. जादा रक्कम मुद्दलात जमा झाल्याची पावती मात्र प्रत्येक वेळी घ्या.

आता एकरी ६० टन. पाइप टाकले म्हणजे क्षार लगेच धुऊन निघाले असं होत नाही. माती तपासा, ती सांगेल तर जिप्सम घाला, ताग किंवा धैंचा हे हिरवळीचं खत गाडा, आणि पाणी हात राखून द्या. सध्या एकरी ३० टनच धरा. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार म्हटले तर तीन एकरांचे २ लाख ७० हजार. दीड लाख मशागत, खतं आणि बेण्यात जातात, ६० हजार हप्त्यात. उरले ६० हजार, त्यातून ५० हजार पॉलिसीला जात होते. एखादं वर्ष महापुराचं निघालं तर कर्जातला जादा भरणा थांबवता येतो. पॉलिसीचा हप्ता थांबत नाही.

बोजाचं म्हणाल तर कर्ज फिटलं म्हणून तो आपोआप उतरत नाही. बँकेकडून बेबाकी दाखला घ्या आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याकडे, बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. ई-हक्क प्रणालीवरूनही तो करता येतो. फेरफार नोंदला जातो, नोटिशीची मुदत संपली की मंडळ अधिकारी तो मंजूर करतात. गहाणखत नोंदणीकृत असेल तर ते सोडवल्याचा दस्तही लागेल. नंतर नवा सातबारा काढून ‘इतर हक्क’ रकाना स्वतः वाचा. त्यात वडिलांच्या वेळचं फिटलेलं सोसायटीचं कर्जही अजून दिसत असेल तर त्याचाही दाखला मागून ठेवा, दोन्ही अर्ज बरोबरच देता येतील.