त्या दिवशी तुम्ही कुठे होता, एवढेच सांगा

प्रश्न : फोंडा तालुक्यात आमचे काजूचे भाट (बाग) आहे. शेजाऱ्याने गडगा (दगडी कुंपण) पाडून मेर, म्हणजे हद्द, आत सरकवली, म्हणून पतीच्या पश्चात सहा वर्षांपूर्वी मी दावा घातला. गेल्या महिन्यात माझ्या साक्षीच्या दिवशी पहाटेच मुलाला मोटरसायकलचा अपघात झाला. त्याला घेऊन मी बांबोळीच्या इस्पितळात धावले. वकिलांचा फोन लागला नाही, आणि तेही कोर्टात गेले नव्हते असे मागाहून कळले. दावा फेटाळला. आज २३ दिवस झाले. दीर म्हणतात, नवा दावा घालू. न्यायाधीशांना फेरविचार करायला सांगता येईल का?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, उत्तर छापून येईपर्यंत तुमची मुदत संपली असती, म्हणून पत्र वाचले त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेच इथे तुमच्या परवानगीने लिहिते आहे.

आधी दीरांचे. तुम्ही गैरहजर आणि प्रतिवादी हजर असताना दावा फेटाळला गेला, तर त्याच कारणासाठी नवा दावा घालता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९, नियम ९ मध्ये हे स्पष्ट आहे. दोन्ही बाजू गैरहजर असत्या तर गोष्ट वेगळी, तेव्हा नव्या दाव्याची वाट मोकळी राहते. म्हणून पहिले काम म्हणजे रोजनाम्याची, म्हणजे कोर्टात त्या-त्या दिवशी काय झाले त्या नोंदीची, नक्कल काढा आणि त्या तारखेला शेजारी किंवा त्याचा वकील हजर होता का, ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

फेरविचाराचा अर्ज तुमच्यासाठी नाही. निकालात उघड चूक असेल किंवा नवा पुरावा हाती आला असेल, तर तो मार्ग. तुमच्या दाव्यात कोणाचे खरे ते तपासून, म्हणजे गुणदोषांवर, निकाल झालेलाच नाही. तुम्हाला हवा तो अर्ज दावा पुन्हा फाइलवर घेण्याचा, त्याच नियम ९ खाली, त्याच कोर्टात. मुदत ३० दिवस, आणि ती दावा फेटाळल्याच्या तारखेपासून धरतात, तुम्हाला कळले त्या दिवसापासून नव्हे. गोव्यात वारसाहक्काला २०१६ पर्यंत पोर्तुगीज संहिता लागू होती, म्हणून मुदतही जुन्याच कायद्याने मोजतील असे कोणी सांगितले तर मानू नका. इथे १९६३ चा मुदत कायदाच लागतो. ३० दिवस उलटले तर कलम ५ खाली उशीर माफ करून घ्यावा लागेल, पण तुम्ही ती वेळ येऊ देऊ नका.

आता अर्जात काय लिहायचे? मेर, गडगा, सर्व्हे नंबर, शेजाऱ्याचा उद्धटपणा, यातले काही नको. बायका माझ्यासमोर बसून सगळी भांडणे सांगतात, मन मोकळे करतात, आणि अर्जात नेमका तो एक दिवस राहून जातो. कोर्टाला विचारायचे असते ते इतकेच, की त्या दिवशी न येण्याला पुरेसे कारण होते का. अपघात किती वाजता झाला, इस्पितळात किती वाजता पोहोचलात, तिथून कधी निघालात, ते तासवार लिहा. तुम्ही फोनवर मला वाचून दाखवलात, केसपेपरवर सकाळी ६.४० ची नोंद आहे. तो कागद जपा. वकिलांना लावलेल्या फोनची यादी मोबाइलमधून काढून जोडा. सोबत तुमचे प्रतिज्ञापत्र. जे घडले नाही ते एक अक्षरही घालू नका. डॉक्टरकडून मागाहून दाखला आणू का, असे तुम्ही विचारलेत, तो नकोच. खरा कागद हातात आहे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली रफिक विरुद्ध मुन्शीलाल खटल्यात म्हटले आहे. पण त्यावर विसंबून राहू नका, तुम्ही स्वतः काय केलेत ते आधी दाखवा.

अर्जाची नोटीस शेजाऱ्याला जाईल, तो विरोध करेल. तुमच्या गैरहजेरीमुळे झालेला त्याचा खर्च भरण्याची अटही कोर्ट घालू शकते. अर्ज नाकारला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४३ खाली जिल्हा न्यायालयात अपील करता येते.

त्याच वकिलांवर तुमचा विश्वास उरला नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० हा विधी सेवेचा फोन लावून बघा.

दावा फेटाळला तसा, दावा चालू असताना शेजाऱ्याला थोपवणारा मनाई हुकूमही संपला, म्हणून तो परत चालू करण्याची मागणीही अर्जात घाला. आणि उद्या सकाळीच भाटात जाऊन मेरेच्या प्रत्येक दगडाचा, उरलेल्या गडग्याचा फोटो काढून ठेवा.