भिंत ओळंब्यात आहे हे कोनावरून ठरवावे की अंतरावरून?

प्रश्न : आमच्या घराच्या वरच्या मजल्याचे बांधकाम चालू आहे. गवंडी दर दोन-तीन थरांनंतर ओळंबा (दोऱ्याला टांगलेले वजन) लावून पाहतो. माझी मुलगी नववीत समांतर रेषांच्या कसोट्या शिकत आहे. जमीन आणि भिंत यांच्यातला काटकोन गुण्या लावून तपासला तर ओळंब्याची गरज काय, असे ती विचारते. तिला काय सांगावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मुलीचा प्रश्न रास्त आहे, पण त्यात जमीन सपाट असल्याचे गृहीत धरले आहे. न्हाणीघराच्या जमिनीला मीटरमागे एक सेंटिमीटर ढाळ असेल आणि ढाळाच्या दिशेत गुण्या लावून त्या जमिनीशी तंतोतंत काटकोनात भिंत उभारली, तर तीन मीटर उंचीवर ती तीन सेंटिमीटर कललेली असेल. गुण्या फक्त दोन पृष्ठभागांमधला कोन सांगतो. उभी दिशा कोणती हे त्याला ठाऊक नसते. ती दिशा गुरुत्वाकर्षणामुळे ताणला गेलेला ओळंब्याचा दोरा दाखवतो.

आता समांतर रेषांकडे वळू. ओळंब्याचा दोरा ज्या ठोकळ्यातून ओवलेला असतो, त्याची रुंदी खालच्या वजनाच्या व्यासाइतकीच असते. ठोकळा भिंतीला टेकवला की वर दोऱ्याचे भिंतीपासूनचे अंतर त्या व्यासाच्या निम्मे होते. खाली वजन भिंतीला जेमतेम लागत असेल, तर तेथेही अंतर तेवढेच असते. ही दोन्ही आडवी अंतरे एकमेकांना समांतर आणि समान असल्यामुळे चौकोन समांतरभुज होतो, म्हणजेच दोरा आणि भिंत समांतर ठरतात. ठोकळ्याची आडवी कड ही छेदिका मानली, तर दोऱ्याशी तिचा कोन ९० अंशांचा असल्याने संगत कोनांच्या गुणधर्मानुसार भिंतीशीही तो तेवढाच येतो.

मात्र येथे एक फसगत संभवते. भिंतीचा माथा गवंड्याकडे झुकला असेल तर खाली फट दिसते आणि दोष लगेच कळतो. उलट माथा मागे गेला असेल तर वजन भिंतीवर रेलून राहते आणि घाईत पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. म्हणून जाणता गवंडी वजन हलकेच झुलवून ते भिंतीला न घासता मोकळे फिरते का, हे पाहतो.

कोन थेट का मोजू नये, याचे उत्तर आकड्यांत आहे. भारतीय मानक क्रमांक १९०५ (आयएस १९०५) नुसार एका मजल्यात तीन मीटर उंचीला सहा मिलिमीटरपेक्षा जास्त कल चालत नाही. हा कोन सुमारे सात मिनिटांचा, म्हणजे एका अंशाच्या आठव्या-नवव्या भागाएवढा असतो. कंपासपेटीतल्या कोनमापकावर तो दिसणारही नाही, पण सहा मिलिमीटरची फट साध्या पट्टीने मोजता येते.

काटेकोरपणे पाहिले तर दोन ओळंबेही एकमेकांना समांतर नसतात, कारण दोन्ही पृथ्वीच्या केंद्राकडे रोखलेले असतात. न्यूयॉर्कच्या १९६४ साली खुल्या झालेल्या व्हेराझानो-नॅरोज पुलाचे सुमारे २११ मीटर उंचीचे दोन मनोरे याच कारणाने पायथ्यापेक्षा माथ्याशी एकमेकांपासून सुमारे ४१ मिलिमीटर अधिक दूर आहेत. तुमच्या घरापुरता हा फरक विसरलात तरी चालेल. कोपऱ्यावर मात्र ओळंबा दोन्ही बाजूंनी लावायला सांगा, कारण एका बाजूने सरळ दिसणारा कोपरा दुसऱ्या बाजूला कललेला असू शकतो.