संगणक दुरुस्त करा, हप्ता थांबवा

प्रश्न: सांगलीत माझं डीटीपी सेंटर आहे. खर्च जाऊन महिन्याला तीस-पस्तीस हजार सुटतात. 2019 चा आय-थ्री संगणक (आठवी जनरेशन) विंडोजचा लोगो दाखवून पुन्हा रीस्टार्ट होतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, 55 हजारांत नवा घ्या. शिल्लक काहीच नाही. चुलतदिरांनी करबचतीसाठी काढून दिलेल्या पॉलिसीत वर्षाला 60 हजार जातात, तीन हप्ते भरले. 15 वर्षांनी 13 लाख नक्की आहेत. तिच्यावर कर्ज काढू का? मुलं शाळेत आहेत.

उत्तर: नको, ताई. मदरबोर्ड पूर्ण गेला असता तर बहुधा लोगोही दिसला नसता. आधी संशय हार्ड डिस्कवर किंवा विंडोजवर घ्यायचा. दुसऱ्या माणसाला दाखवा, पण गिऱ्हाइकांच्या फाइली उतरवून घेईपर्यंत फॉरमॅट करू देऊ नका. एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी नवी, वेगवान डिस्क) आणि मजुरी धरून चार-पाच हजारांत काम व्हावं. विंडोज 10 चा सपोर्ट ऑक्टोबर 2025 मध्ये संपला, पण आठव्या जनरेशनवर विंडोज 11 चालतं.

आता पॉलिसी. 60 हजार गुणिले 15, म्हणजे नऊ लाख भरून 13 लाख. परतावा साडेचार टक्के! तिच्यावरच नऊ टक्क्यांच्या आसपास व्याजाने कर्ज काढायला निघालात. हेच पैसे पीपीएफमध्ये (सरकारी बचत खात्यात) सध्याच्या 7.1 टक्क्यांनी सव्वासोळा लाख होतात. आणि करबचत कसली? चार लाखांच्या उत्पन्नावर तुम्हाला करच लागत नाही. दिरांचं कमिशन तेवढं सुटलं.

तुमच्या माघारी मुलांना किती मिळतील हे तुम्ही लिहिलंच नाही. अशा पॉलिसीत साधारण हप्त्याच्या दहापट, म्हणजे सहा लाख. दीड वर्षाची कमाई. 50 लाखांचा टर्म प्लॅन, म्हणजे फक्त माघारी पैसे देणारा विमा, वर्षाला दहा-बारा हजारांत मिळायला हवा. वैयक्तिक विम्यावर आता जीएसटीही नाही. टर्म प्लॅन हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून भरलेल्या पैशांपुरती चालू ठेवा. सरेंडर केली, म्हणजे मोडूनच टाकली, तर किती मिळतील तेही शाखेतून लेखी घ्या, दिरांकडून तोंडी नको.

वाचलेल्या पैशांतून आधी लाखभर रुपये बँकेत बाजूला पडू द्या, मग पीपीएफ. पुढच्या हप्त्याची तारीख पत्रात नाही. ती जवळ आली असेल तर टर्मचा अर्ज आजच करा, दुरुस्ती उद्या.