माहीत असून न सांगणं: निवासी शाळेत रुजू होण्यापूर्वी

प्रिय,

निवासी शाळेतली नेमणूक पक्की झाल्याचं कळवलंस, आणि त्याच पत्रात विचारलंस, की गुन्हा दुसऱ्याने केला आणि मला तो फक्त कळला, तर माझ्यावर केस होऊ शकते का? हो, होऊ शकते. पण प्रत्येक गुन्ह्यात नाही. कुठे होते आणि कुठे नाही हे नेमकं ठाऊक नसलं की माणसं दोन्हीकडून फसतात. जिथे कळवायलाच हवं तिथे ती गप्प बसतात, आणि जिथे नुसतं गप्प राहून भागलं असतं तिथे नको ती मदत करून आरोपी होतात.

आधी सर्वांना लागू असलेला नियम. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३ मध्ये काही गुन्ह्यांची यादी आहे. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३९ करायचं. खून, सदोष मनुष्यवध, खंडणी वगैरेंसाठी केलेलं अपहरण, माणसांची तस्करी, जबरी चोरी, दरोडा, दंगल, बनावट नोटा, अन्नातली आणि औषधातली भेसळ, संघटित गुन्हेगारी, दहशतवादी कृत्य, राज्याविरुद्धचे गुन्हे, लोकसेवकाने केलेला अपहार, अशी ती यादी. यातलं काही घडलं आहे किंवा कोणी ते करण्याच्या बेतात आहे असं कळलं, तर जवळच्या पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवणं बंधनकारक आहे. न कळवण्यामागे वाजवी कारण होतं असं म्हणता येतं, पण ते सिद्ध करायची जबाबदारी गप्प राहणाऱ्यावरच पडते. या यादीत साधी चोरी, फसवणूक किंवा किरकोळ मारहाण नाही. बलात्काराची कलमंही नाहीत. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय असतो, आणि तो तिच्यावतीने परस्पर कोणी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. उपचार करणाऱ्या रुग्णालयाला मात्र पोलिसांना कळवावंच लागतं.

कळवणं बंधनकारक असून मुद्दाम कळवलं नाही, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३९ लागतं: ६ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. इथे फिर्यादी पक्षाला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. गुन्हा खरोखर घडला होता, तो घडल्याचं तुला माहीत होतं किंवा तसं मानायला पुरेसं कारण होतं, आणि कायद्याने बंधन असताना तू हेतुपुरस्सर सांगितलं नाहीस. उडत कानावर आलेल्या कुजबुजीवरून हे सिद्ध होत नाही. शाळा गावात असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४ ही वाचून ठेव. गावात राहणाऱ्या प्रत्येकावर, गावाजवळ झालेल्या संशयास्पद मृत्यूसह काही गोष्टी कळवण्याचं बंधन त्यात आहे.

आता तुझ्या कामाशी थेट जोडलेला कायदा, म्हणजे २०१२ चा पोक्सो, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा. तिथली भाषा जास्त कडक आहे, आणि मुलांच्या संस्थेत पाय ठेवण्याआधी ती पाठ असावी. मूल म्हणजे १८ वर्षांखालची कोणतीही व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी. सतरा वर्षांच्या मुलीची संमती होती का, हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. कलम १९ प्रमाणे मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं ज्याला कळलं, किंवा घडण्याची ज्याला भीती वाटते, त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर १ वर्षापर्यंत कैद आणि दंड. ज्या मुलाने स्वतः काही सांगितलं नाही, त्याला मात्र ही शिक्षा लागू नाही.

शाळांमध्ये हमखास चूक होते ती इथे. शिक्षिका मुख्याध्यापकांना सांगते, मुख्याध्यापक संस्थाचालकांना, संस्थाचालक म्हणतात 'आधी आपण चौकशी समिती नेमू', आणि प्रत्येकाला वाटतं की आपलं काम झालं. कायद्याने कोणाचंच झालेलं नसतं. बंधन पदावर नाही, माणसावर आहे. मुख्याध्यापकांना जरूर सांग, पण तेवढ्याने तू सुटत नाहीस. खरं-खोटं ठरवणं हे तपास अधिकाऱ्याचं आणि न्यायालयाचं काम आहे. चौकशी समिती आठ दिवस बसते, तेवढ्यात कपडे धुतले जातात, मुलाला घरी धाडलं जातं, आरोपीच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात, त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती असून कळवलं नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला, आणि माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच प्रयत्न असतो, असं म्हटलं.

एखादं मूल तुझ्याजवळ बोललं, तर शांतपणे ऐक. 'नक्की ना?', 'आधी का नाही सांगितलंस?' हे विचारू नकोस, आणि सगळं पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नकोस. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन तर देऊच नकोस, कारण ते पाळता येणार नाही. मूल गेल्यावर त्याच दिवशी लिहून काढ, साधारण असं: 'दि. … रोजी रात्री ८.४० वाजता इयत्ता सातवीतील विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या व्हरांड्यात मला स्वतःहून सांगितले की, …' पुढे मुलाचे शब्द जसेच्या तसे, त्याच्या बोलीत. तुझे अंदाज त्यात नकोत. त्या वेळी तिथे आणखी कोण होतं, ते लिही. खाली सही, तारीख, वेळ.

मग फोन. ११२ वर किंवा मुलांच्या हेल्पलाइनला, १०९८ वर. फोन केल्याची वेळ टिपून ठेव. त्यानंतर लेखी अर्ज दोन प्रतींत ठाण्यात द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सहीसह पोच घ्यायची. ही पोच हाच तुझा बचाव आहे. सहा महिन्यांनी 'तुम्ही कुठे कळवलंत?' असं विचारलं जातं तेव्हा तोंडी सांगण्याला फारशी किंमत उरत नाही. पोलिसांनी माहितीला नोंद क्रमांक देऊन ती लिहून घ्यायची आणि वाचून दाखवायची असते. 'आमची हद्द नाही' हे कारण चालत नाही, कारण दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर कुठल्याही ठाण्यात देता येते. ईमेलने दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्यात घेतलंच नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठव. रजिस्टर करून पाठवलंस तर पावती हाताशी राहते. तरीही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोक्सोखालची माहिती नोंदवून न घेणारा अधिकारीही कलम २१ खाली दोषी ठरू शकतो, हे तिथे नम्रपणे सांगायला हरकत नाही.

मुलाला ओढत ठाण्यात नेऊ नकोस. त्याचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी, गणवेशात नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाचं नाव शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा वेगळा गुन्हा होऊ शकतो. तिथे एक ओळही नको.

'खोटं निघालं तर?' ही भीती मी समजू शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असं पोक्सोचं कलम १९(७) स्पष्ट सांगतं. शिक्षा आहे ती केवळ बदनामी, धमकी, खंडणी किंवा मानहानीसाठी रचलेल्या खोट्या तक्रारीला.

गप्प राहण्यापेक्षा मोठ्या शिक्षा असतात त्या गप्प राहता राहता केलेल्या लहानसहान कृतींना. सहकाऱ्याने गयावया केली म्हणून सीसीटीव्हीचं फुटेज पुसणं, हजेरीपट बदलणं, चादर धुवायला टाकणं, हे पुरावा नष्ट करणं झालं, न्याय संहितेचं कलम २३८ (पुढची कलमंही त्याच संहितेची). मूळ गुन्ह्याला फाशीपर्यंतची शिक्षा असेल तर ७ वर्षांपर्यंत, जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंतची असेल तर ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. गुन्हा केलेल्याला वाचवण्यासाठी दोन रात्री खोलीवर झोपू देणं म्हणजे आसरा, कलम २४९. तिथे सूट फक्त पती किंवा पत्नीला आहे; मित्र, भाऊ, आई-वडील यांना नाही. पोलिसांना मुद्दाम खोटी माहिती दिली तर कलम २४०, २ वर्षांपर्यंत. प्रकरण मिटवण्यासाठी पैसे किंवा बढती घेतली तर कलम २५०. हे सगळं करणाऱ्याला त्या क्षणी आपण गुन्हा करतो आहोत असं वाटत नाही, मैत्री निभावतो आहोत असंच वाटतं.

एक परिस्थिती निराळी आहे. तुझाच हात त्यात थोडाफार अडकला असेल, तर पोलिसांआधी वकील गाठ, त्याच दिवशी. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती संविधानाच्या कलम २०(३) प्रमाणे आरोपीवर करता येत नाही, आणि झालेल्या गोष्टीबद्दल वकिलाला सांगितलेलं गोपनीय राहतं. पुढे करायच्या गुन्ह्यासाठी सल्ला मागितला तर ते संरक्षण नाही.

साक्षीदार म्हणून जबाब घेतील तेव्हा जेवढं पाहिलं-ऐकलं तेवढंच सांग. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हण. फिर्यादीवर सही करायची असते, तपासातल्या साक्षीदाराच्या जबाबावर नाही. कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नकोस.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात तीन नंबर मिळवून वहीत लिही: आपलं पोलीस ठाणं, जिल्ह्याचं विशेष बाल पोलीस पथक, जिल्ह्याची बाल कल्याण समिती. शाळेच्या दर्शनी फलकावर १०९८ लिहिलेला आहे का ते बघ, आणि नसेल तर मुख्याध्यापकांना सांगून लिहून घे.

शुभेच्छांसह.